पोटाच्या चरबीतून स्तन पुनर्रचना केल्यावर छातीच्या मधल्या हाडाशेजारी खळगा पडतो, तो टाळता येतो का?

बऱ्याच अंशी, हो. पोटावरून घेतलेल्या त्वचा-चरबीच्या तुकड्याला (फ्लॅपला) रक्त मिळावं म्हणून त्याच्या बारीक रक्तवाहिन्या मधल्या हाडालगतच्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. तिथवर पोहोचायला बहुधा तिसऱ्या बरगडीच्या कूर्चेचा (टोकाच्या मऊ, लवचिक भागाचा) तुकडा काढतात. खालचा आधार गेला की वरची त्वचा आत बसते. कूर्चा न कापता दोन बरगड्यांमधल्या फटीतूनही जोडणी होते. फट अगदी अरुंद असेल तर मात्र हट्ट नको, फ्लॅप जगणं जास्त महत्त्वाचं. गळ्याखालची पोकळी वेगळी: फ्लॅप खाली ओघळल्याने ती दिसते, म्हणून त्याची वरची कड छातीच्या स्नायूला टाके घालून बांधतात. तरी खळगा राहिलाच, तर काही महिन्यांनी स्वतःचीच चरबी इंजेक्शनने भरतात. ‘बरगडी वाचवणार का?’ हे सर्जनला आधीच विचारा.