केसिंगमागची पोकळी : भूजल क्षेत्रातील करिअरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील असून भूशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. दूषित भूजलाच्या शुद्धीकरणात काम करण्याची माझी इच्छा आहे, परंतु घरच्यांचे म्हणणे असे की, या विषयात शेवटी बोअर घेण्याच्याच कामाला लागावे लागते, आणि मुलींनी बोअरच्या गाडीवर जाऊ नये. ही दोन क्षेत्रे वेगळी आहेत का? मी कोणती वाट धरावी?

उत्तर : तुमच्या घरच्यांनी ज्या कामाची धास्ती घेतली आहे, त्याच कामापासून तुम्ही सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ज्याला बोअर कसे घेतले जाते हे ठाऊक नाही, त्याला भूजल कशामुळे बिघडले हे सांगता येत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसाल्टने, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकाने, व्यापलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कधी मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेला खडक) तर कधी काळा पाषाण, आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा मातकट थर, असा आपला सर्वसाधारण अनुभव असतो. बोअरची गाडी वरचा ढिला भाग जरा मोठ्या व्यासाने खोदते, त्यात केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरवते, आणि पक्का खडक लागल्यावर पुढचे छिद्र लहान व्यासाने व बहुधा केसिंगशिवाय नेते. प्रश्न उरतो तो केसिंगची बाहेरची बाजू आणि खोदलेल्या छिद्राची भिंत यांच्यामधल्या पोकळीचा. ती सिमेंटच्या पातळ मिश्रणाने खालून वर भरत आणायला हवी. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तिच्यात खोदकामातून निघालेला चुराच ढकलला जातो. मग पावसाळ्यात गोठ्याचे, उकिरड्याचे, शौचालयाच्या शोषखड्ड्याचे आणि खत घातलेल्या शेताचे पाणी याच फटीने सरळ खाली उतरते, आणि ज्या मुरमाच्या थराने त्याला गाळून घ्यायचे तो थर बाजूलाच राहतो. पुढे तपासणीत नायट्रेट पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेल्या 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर गेलेले किंवा विष्ठेतील जिवाणू आढळलेले दिसले की, गाव ‘जमिनीतले पाणीच बिघडले’ असा निष्कर्ष काढून मोकळे होते. कित्येकदा बिघडलेला असतो तो बोअर.

हिशेब करून पाहा. छिद्र आठ इंचांचे आणि केसिंगचा बाहेरचा व्यास सात इंचांचा असेल, तर सहा मीटर उंचीची पोकळी भरायला सुमारे 45 लिटर मिश्रण लागते. सिमेंटच्या 50 किलोच्या एका पोत्यात 25 लिटर पाणी कालवले की साधारण 40 लिटर मिश्रण तयार होते. छिद्राच्या भिंती वेड्यावाकड्या असतात आणि काही मिश्रण भेगांतही जाते, म्हणून दोन किंवा तीन पोती धरा. हजारो रुपये खर्चून घेतलेल्या बोअरमध्ये वाचवले जाते ते एवढेच! यावर मी जरा जास्त लिहितो आहे याची मला जाणीव आहे. पण शुद्धीकरणाच्या यंत्रसामग्रीची वर्णने तुम्हाला पाठ्यपुस्तकात मिळतील, या पोकळीकडे मात्र तुम्हाला कोणी बोट दाखवणार नाही.

प्रत्येक दोष बांधणीचाच असतो, असे मात्र नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत आढळणारे फ्लोराइड मुख्यतः खडकातूनच पाण्यात उतरते, आणि पाणी खडकाशी जितका काळ संपर्कात राहते तितके त्याचे प्रमाण वाढण्याची शक्यता असते. त्यामुळे अशा ठिकाणी ‘आणखी खोल जाऊ या’ हा सल्ला अंगलट येऊ शकतो. कारखान्यामुळे होणारे प्रदूषण हा तिसरा प्रकार झाला. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावातील विहिरींचे पाणी रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि गाळाने गडद रंगाचे झाले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल देऊन सफाईचा खर्च प्रदूषकांवर टाकला, आणि तरीही त्या खर्चाच्या वसुलीसाठी न्यायालयाला 2011 मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. या कामाला किती वर्षे लागू शकतात, हे यावरून ध्यानात यावे. वाळूच्या थरातून दूषित पाणी उपसून ते जमिनीवर शुद्ध करणे तुलनेने सरळ असते. बेसाल्टमध्ये मात्र प्रदूषक भेगांच्या वाटेने धावतो, खडकाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो आणि उपसा थांबवला की हळूहळू पुन्हा बाहेर येतो. षट्संयोजी क्रोमियम या विषारी प्रदूषकाच्या बाबतीत लोहाचे क्षार जमिनीत सोडून त्याचे त्रिसंयोजी रूप करता येते, म्हणजे ते पाण्याबरोबर वाहत जाण्याऐवजी जागच्या जागी स्थिर होते. परंतु ते क्षार नेमके कोणत्या भेगेत पोहोचले हे कळण्यासाठी निरीक्षण-बोअर लागतात, आणि ते सदोष बांधले तर प्रदूषण वरच्या थरातून खालच्या थरात नेण्याचे काम तेच करतात. तुमची दोन क्षेत्रे येथे एकमेकांना मिळतात.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र किंवा जलभूविज्ञान (भूजलाचे शास्त्र) यांपैकी एका विषयात एम.एस्सी. करा आणि जोडीला रसायनशास्त्र पक्के करा. त्यानंतर केंद्रीय भूजल मंडळातील जलभूवैज्ञानिक पदांसाठी संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. तिच्या मुख्य परीक्षेत या पदांसाठी जलभूविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, आणि तिच्या जिल्हा कार्यालयात जाऊन वरिष्ठ भूवैज्ञानिकांना भेटणे तुम्हाला आजही शक्य आहे. पुण्यातील ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था भूजल व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. खाजगी सल्लागार संस्थांमध्ये शुद्धीकरणाची कामे असतात; शिवाय दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम जुलै 2025 मध्ये अधिसूचित झाल्याने ती वाढतील, असा माझा अंदाज आहे. मुलींनी बोअरच्या गाडीवर जाऊ नये, हे तर मला अजिबात मान्य नाही. रात्री-अपरात्री गाडी चालते, धूळ आणि आवाज असतो, हे खरे; त्यासाठी मास्क, कानाची संरक्षक साधने आणि सोबत जबाबदार माणसे असावीत, हा आग्रह मुलांनीही धरायला हवा.

प्रश्न : आमचा अकोला जिल्ह्यात बोअरवेलचा व्यवसाय आहे. खारपाण पट्ट्यातील पाणी शुद्ध करण्याचे काम आम्हाला जोडधंदा म्हणून करता येईल का?

उत्तर : पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारेपणा गाळाच्या थरांतच आहे, तो कोणी ओतलेला नाही, त्यामुळे जमिनीतून तो काढून टाकण्याचा करार कोणाशीही करू नका. वापराच्या जागी आरओ संयंत्र बसवता येईल, पण त्यातून उरणारे अतिखारे पाणी कुठे सोडणार, याचे उत्तर आधी तयार ठेवा. उथळ गोडे पाणी आणि खालचे खारे पाणी यांची एकाच बोअरमधून सरमिसळ होणार नाही, अशी बांधणी करणारा ठेकेदार म्हणून नाव कमावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार खोदयंत्राच्या मालकाला नोंदणी सक्तीची आहे. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निर्देशांप्रमाणे खोदकामाच्या किमान 15 दिवस आधी लेखी कळवणे, कामाभोवती कुंपण घालणे, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधणे आणि त्याचे तोंड पोलादी झाकणाने बंद करणे बंधनकारक आहे. बिनपाण्याचा बोअर गोणपाट टाकून सोडून देऊ नका. तो तळापासून वरपर्यंत भरून द्या आणि त्याची मजुरी दरपत्रकातच लावा.

प्रश्न : आमच्या गावच्या पाणाड्याने सांगितल्याप्रमाणे ‘दोन इंच पाणी’ लागले. शेजाऱ्याला एक इंच लागले. म्हणजे आमचे पाणी दुप्पट आहे ना?

उत्तर : दुप्पट नाही, पाचपटीहून अधिक आहे, मात्र हे इंच वाहत्या पाण्यात आडव्या लावलेल्या पत्र्याच्या 90 अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेवर मोजलेले असले पाहिजेत. त्या खाचेतून एक इंच उंचीने वाहणारे पाणी ताशी सुमारे 500 लिटर भरते, तर दोन इंच उंचीचे सुमारे 2,900 लिटर. पाइपचा व्यास पाहून सांगितलेल्या इंचांना असा अर्थ नाही. शिवाय गाडी उभी असताना कॉम्प्रेसरच्या हवेने उसळलेले पाणी म्हणजे बोअर रोज देईल ते पाणी नव्हे. पंप बसवण्यापूर्वी काही तास सलग उपसा करून पातळी किती खाली जाते आणि पुन्हा किती वेळात वर येते, याची नोंद करून घ्या. पाणाड्याने दाखवलेली जागा बरोबर निघाली असली, तरी ही नोंद तो देऊ शकणार नाही.