दारुड्या पेशंटला ग्लुकोजच्या आधी व्हिटॅमिन बी१चं इंजेक्शन का देतात?
कारण ग्लुकोज जाळायला थायमिन म्हणजे बी१ लागतं, आणि रोज पिणाऱ्या, धड न जेवणाऱ्या माणसाकडे ते आधीच संपत आलेलं असतं, त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं पण जातं आणि मेंदूला फटका बसतो, याला वर्निके म्हणतात. पेशंट बरळतो, झोकांड्या खातो, डोळे भिरभिरतात आणि घरचे म्हणतात अजून उतरली नाहीये! रिपोर्टची वाट बघत नाहीत, संशय आला की थायमिन सरळ शिरेतून देतात, कारण अशा पेशंटच्या आतड्यातून गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. मॅग्नेशियम पण बघतात, ते कमी असेल तर थायमिन नीट कामच करत नाही. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हां, शुगर एकदम लो असेल तर ग्लुकोज थांबवत नाहीत, दोन्ही बरोबरच देतात.