यादी फळ्यावर लिहू नको

पहिल्याच तासाला इंग्रजीतल्या उपसर्ग-प्रत्ययांची यादी फळ्यावर लिहू नको गा. पोट्टे उतरवून घेतात अन् विसरतात. मराठीतून शिर: बेचव, बेइमान, शहाणपणा. मग 'हॅपी'ला पुढून 'अन', मागून 'नेस' लावू दे. 'पॉसिबल'ला 'इन' न लागता 'इम' अन् 'लीगल'ला 'इल' का, हे विचारतीलच. तेव्हा व्याकरणातली संधी काढ, शेजारचे वर्ण जुळताना बदलतात ती. उत् अधिक लास, उल्लास. लगेच पटतं. माझ्या वर्गात एकीनं 'अनपॉसिबल' लिहिलं, मी लाल रेघ मारली. चुकलंच माझं, शब्द कसा बनतो ते पोरीला कळलं होतं, फक्त तुकडा दुसरा उचलला. 'इन्फ्लेमेबल'ला मात्र जप. तिथला 'इन' नकाराचा नाही; अर्थ पेट घेणारा. वर्धा रोडवरच्या पेट्रोलच्या टँकरमागे लिहिलेलं असतं, तेच वाचायला सांग.