बुडालेले दिवस भरून काढू नकोस

चि. बाळ,

घोडीच्या पायाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. त्याखालचा तुझा लांबलचक मेसेजही वाचला. डिसेंबरच्या स्पर्धा गेल्या, त्यात आता वाद नाही. घोडी विकायचं मात्र वैतागून लिहिलेलं दिसतंय. तो विषय दिवाळीपर्यंत काढू नकोस. लंगड्या घोडीला सारंगखेड्याच्या यात्रेत काय भाव येतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

आधी दुखण्याचं बघू. पुढच्या पायाच्या नळीमागे जो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा असतो, त्याचे काही तंतू तुटलेत. तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी, म्हणून भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. सूज आणि लंगडणं त्याच्या कितीतरी आधी, काही आठवड्यांतच जातं, आणि सगळे फसतात ते तिथेच. पाय हाताला गार लागतो, घोडी दुडक्या चालीत न लंगडता पळते, तबेल्यातला कुणीतरी म्हणतो, ‘झाली की बरी, काढा बाहेर.’ आत मात्र टेंडन अजून कच्चा असतो. शिवाय भरून आलेली जागा पहिल्यासारखी लवचीक राहत नाही, त्यामुळे पुन्हा तिथेच तुटायची भीती कायम. तेव्हा काम वाढवायचं की नाही हे पुढची सोनोग्राफी ठरवेल. तू नाही, मी नाही आणि तबेल्यातले जाणकार तर नाहीतच.

‘माझं काय चुकलं?’ असं विचारलंयस. खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. आधीच्या मालकानं तिला किती कोवळ्या वयात नाचवलं, तेही आपल्याला ठाऊक नाही. तुझ्या वहीतला सरावाचा तक्ता पाहून एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. घोड्याचा दम आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात. टेंडन आणि हाडं त्यांच्या बरीच मागे असतात. म्हणून घोडी जोमात पळते, लगाम ओढते, आणखी मागते. आपल्याला वाटतं, तयार झाली. जूनमध्ये पावसानं मैदानाचा चिखल झाला आणि तुझे पंधरा दिवस गेले. जुलैत तू त्या पंधरा दिवसांच्या उड्या एका आठवड्यात बसवल्यास.

मला या पत्रात खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. बुडालेले दिवस घोड्याकडून वसूल करायचे नसतात. आठवडा बुडाला तर तक्ता एक आठवडा पुढे सरकवायचा, महिना बुडाला तर दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करायची, आणि स्पर्धेची तारीख त्यात बसत नसेल तर तारीख सोडायची. तुझी घोडी चार वर्षांची आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढच मुळी साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर घोड्यांचं शिक्षण साधारण चौथ्या वर्षी सुरू होतं आणि पुरं व्हायला सहाएक वर्षं लागतात. त्या हिशेबात आपला एक हिवाळा म्हणजे फार काही नाही.

आपला घोडेस्वार फवाद मिर्झा याचं नाव तू मेसेजात घेतलंस, म्हणून लिहितो. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर त्यानं इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या अशा तिहेरी स्पर्धेत, वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली. नंतर तोच घोडा दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहिला. ऑलिम्पिकच्या पात्रतेचे गुण मिर्झानं दुसऱ्या घोड्यांवर जमवले, आणि 2021 साली टोकियोत मेडिकॉटवरच अंतिम फेरी गाठून तो 23वा आला. ही गोष्ट लोक ‘जिद्द’ म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण त्याच्या पाठीशी प्रायोजक होता आणि तबेल्यात आणखी घोडे होते, म्हणून मेडिकॉटला घाई करावी लागली नाही, हे कुणी सांगत नाही. तुझ्याकडे एकच घोडी आहे. तेव्हा तुला त्याच्याहून जास्त सबुरी लागणार आहे. हे अन्यायाचं आहे, पण आहे असं.

आता रोजचं. चंदी लगेच कमी कर. काम बंद आणि दाणा चालू, असं झालं की घोडी पागेत उधळते आणि बांधलेल्या जागी पाय आणखी दुखावून घेते. वाळलेला चारा मात्र कमी पडू देऊ नकोस. तिचं वजन चारशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे रोज सहा ते आठ किलो, थोडा थोडा करून चार-पाच वेळा. उभ्या घोड्याला पोटशूळ लवकर होतो, म्हणून पाणी किती प्यायली आणि लीद किती टाकली यावर लक्ष ठेव. सकाळी खरारा करताना दोन्ही पुढच्या पायांवरून हात फिरव आणि हाताला गरम कुठे लागतं ते बघ. नुसता दुखरा पाय तपासून भागत नाही, कारण सगळा भार दुसऱ्यावर पडतोय. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मिनिटं तिला हातात धरून चालव. दहा म्हणजे दहा. घोडी शांत आहे म्हणून बारा नाही. नालबंद येईल त्या दिवशी डॉक्टरांनाही बोलावून घे आणि दोघांना समोरासमोर बोलू दे. आपण मधे निरोप्या झालो की अर्धं राहून जातं.

या दिवसांत तिला शिकवण्यासारखं बरंच आहे. पाय उचलून स्थिर उभं राहणं, नालबंदाला न बिथरणं, तोंडात लगाम शांतपणे घेणं. आधी तू हे सगळं उरकलं होतंस. तुझ्या त्या व्हिडिओत खोगिराचा तंग आवळताना ती नाराजीनं कान मागे टाकते, ते तुला दिसलं नव्हतं का?

आणि तुझी मांड. रागावू नकोस, पण उडी झाल्यावर तू खोगिरात धपकन बसतेस आणि तो भार तिच्या पाठीवर जातो. रायडिंग स्कूलचे म्हातारे घोडे आहेत ना, त्यांच्यावर रिकिबीशिवाय दुडकी चाल कर. रील टाकण्यासारखं त्यात काही नसेल. पाठ आणि मांड्या दुखतील. दुखू देत.

डॉक्टरांनी पुढची सोनोग्राफी कधी सांगितलीय ते कळव. चंदी किती कमी केलीस, तेही लिही. नुसतं ‘कमी केली’ चालणार नाही, किलोत लिही.

तुझा,
काका