जुन्या 'रेड बॅरन' हॉट रॉडचं किट सापडलं आहे. विकू, जपून ठेवू की बांधू?

काकांच्या शिकागोच्या घराची आवराआवर करताना मोनोग्राम कंपनीच्या 'रेड बॅरन'चं किट, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून छोटी गाडी बांधायचा संच, हाती लागलं, खोका उघडलेला आणि फाटका आहे, भाग मात्र सगळे दिसतायत, आणि तुम्ही आजवर एकही मॉडेल बांधलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

बांधा. वरचं सेलोफेन शाबूत असतं तर मी म्हटलं असतं, बंद खोके जमवणाऱ्या एखाद्याला ते देऊन टाका. तुमचं तसं नाही. मी इलिनॉयमध्ये राहतो, अठरा वर्षं असल्या अतरंगी गाड्या बांधतोय, आणि माझ्या कपाटातल्या बहुतेक गाड्या अशाच फाटक्या खोक्यांतून आल्या आहेत.

हे किट नेमकं काय आहे ते आधी सांगतो, कारण माझं मत त्यावरच ठरलंय. हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुतेकदा फोर्डची गाडी घ्यायची, मडगार्ड वगैरे काढून ती हलकी करायची आणि तिच्यात दांडगं इंजिन बसवायचं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांचा हा उद्योग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकाभर पसरला. साठच्या दशकात मॉडेल कंपन्याही त्यात उतरल्या. काही किट्स खऱ्या गाड्यांवरून निघाली. एड रॉथ या गाड्या बांधणाऱ्या कलाकाराने पारदर्शक घुमटाची 'बीटनिक बँडिट' आधी फायबरग्लासमध्ये बांधली, मग १९६३ मध्ये रेव्हेल या मॉडेल कंपनीने तिचं किट काढलं. पण काही किट्सची गाडी अस्तित्वातच नव्हती. टॉम डॅनियल नावाचा डिझायनर मोनोग्रामसाठी ती थेट कागदावर रचायचा. १९६७ मध्ये बिअरची पिंपं वाहणारी 'बिअर वॅगन' आली, आणि १९६८ मध्ये तुमची रेड बॅरन.

मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन हा पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक लाल विमान उडवायचा, त्याला रेड बॅरन म्हणत. डॅनियलने त्याच्या नावाची गाडी कल्पिली: छपराच्या जागी चकचकीत जर्मन हेल्मेट, पुढे त्या काळातल्या विमानाचं सहा सिलिंडरचं मर्सिडीज इंजिन, आणि वर मशीनगनची जोडी. किट इतकं गाजलं की डेट्रॉइटकडच्या चक मिलरने ती गाडी खरीखुरी बांधून कार-शोमध्ये उभी केली. तिच्यात विमानाच्या इंजिनाऐवजी पाँटिअ‍ॅकचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. म्हणजे तुमच्या खोक्यात आहे ती मोठ्या गाडीची नक्कल नव्हे. मूळ गाडी तीच, आणि मोठी गाडी तिच्यावरून झाली. ही मूळ गाडी जोडण्यासाठीच काढलेली आहे. भाग पिशवीत पडून राहिले तर ती कुणालाच दिसणार नाही, तुम्हालासुद्धा.

फक्त लगेच बांधायला घेऊ नका. आधी १/२४ किंवा १/२५ मापाचं (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या हिश्श्याएवढं), आज दुकानात मिळणारं कुठलंही साधं गाडीचं किट बांधा. हात बसतो, आणि चुका त्याच्यावर होऊन जातात.

मग बॅरनचे सगळे भाग सूचनापत्रिकेशी ताडून पाहा. काही हरवलं असेल तर घाबरू नका, हे किट पुढे अनेकदा पुन्हा निघालंय, सुटे भाग असणारे लोक भेटतात. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, त्या चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, नाहीतर साच्याचा तेलकटपणा रंगाला धरू देत नाही. चकचकीत भाग मात्र नुसत्या पाण्यातून काढा. एखादी पट्टी वाकली असेल तर गरम पाण्यात धरून हळूच सरळ करायची. उकळतं पाणी नको.

खरी मेहनत त्या चकचकीत भागांवर आहे. ही चमक म्हणजे निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून प्लॅस्टिकवर बसवलेला अगदी पातळ थर असतो, त्याच्या खाली आणि वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप. मॉडेलचं सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, पण या थरातून ते प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही. म्हणून जिथे जोड येणार तेवढीच जागा पातीने खरवडून प्लॅस्टिक उघडं करायचं, जराही जास्त नाही. भाग चौकटीवरून कधी पिळून तोडू नका. थोडं अंतर ठेवून कटरने कापा आणि उरलेला दांडा मागाहून छाटा. आणि फेविक्विक या भागांजवळ आणू नका. माझ्या पहिल्या हेल्मेटावर त्याच्या वाफेने पांढरट धुकं चढलं, ते काही केल्या गेलं नाही. शेवटी घरगुती ब्लीचमध्ये ठेवून सगळी चमक उतरवली आणि ते हेल्मेट काळं रंगवलं. ब्लीच वापरायची वेळ आलीच तर खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि त्यात दुसरं कुठलंही द्रावण मिसळू नका.

बॉडी लालच आहे. पहिल्यांदा करताय तर ती न रंगवता नुसती चमकवा. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, मग गाडीचं पॉलिश लावून मऊ कापडाने चोळा. रंगाच्या भानगडीत नवखा माणूस धीर सोडतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. इंजिन मात्र रंगवा. काळा आणि धातूसारखा चंदेरी रंग, बारीक ब्रश, दोन रविवार. तिथे या गाडीचा जीव आहे.

डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा, कागद आधी स्कॅन करून ठेवा. तो पिवळा पडला असेल तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा, पिवळेपणा बराचसा उतरतो. मग नको असलेला एक तुकडा पाण्यात टाकून पाहा. तो मोडला तर बाकीच्यांवर स्वच्छ लॅकरचा पातळ फवारा मारा आणि वाळल्यावर प्रत्येक चित्र सुटं कापून घ्या.

टायर शेवटी, पण ते विसरू नका. जुन्या किट्सचे टायर मऊ काळ्या व्हिनाइलचे असतात, आणि त्यातलं मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षं झिरपत शेजारचं प्लॅस्टिक खातं. पहिली गाडी बांधल्यावर मी ती कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवली. सहा वर्षांनी उचलली तेव्हा चारही रिम टायरला चिकटून चिखलासारख्या झाल्या होत्या. तुमचे टायर तसेच असतील तर रिम आणि टायरच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी गुंडाळा. बाहेरून ती अजिबात दिसत नाही.