फोनचं नेट लॅपटॉपला पहिल्यांदा जोडताना

घाबरू नका, वायफाय हॉटस्पॉटपासून (म्हणजे फोनच आपलं नेट वायफायसारखं लॅपटॉपला देतो) सुरुवात करा, लगेच जमेल. नवीन माणसाची खरी चूक जोडल्यानंतर होते. लॅपटॉपला ते घरचं वायफाय वाटतं आणि अपडेट, फोटोंचा बॅकअप सगळं गुपचूप सुरू होतं. डेटा बघता बघता संपतो! म्हणून आधी विंडोजमध्ये त्या नेटवर्कसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे, जपून वापर, असं लॅपटॉपला सांगणारं सेटिंग) चालू करा. मॅकवर ‘लो डेटा मोड’.

- हॉटस्पॉट दिसतच नाही? फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड (वायफायची लहर) 5 ऐवजी 2.4 गिगाहर्ट्झ करून बघा. जुन्या लॅपटॉपना बहुधा तोच सापडतो.
- पासवर्ड किमान 8 अक्षरी लागतो. फोन नंबर ठेवू नका.
- तासन्‌तास काम असेल तर यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं. मला तेच आवडतं, फोन चार्जही होत राहतो. फक्त केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही.

बाकी सेटिंगना सध्या हात लावू नका.