ख्रिस्ती लोकांनी सेवाकार्यासाठी ऑनलाइन माध्यमांचा वापर कसा करावा?

लहान मंडळीजवळ (चर्चजवळ) पैसा आणि तांत्रिक माहिती दोन्ही बेताचीच असताना ऑनलाइन माध्यमे सेवेसाठी कशी वापरावीत, असे आपण विचारले आहे. सोलापुरातील एका मंडळीत मी काही वर्षे हे काम पाहतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो. माझ्या मते कॅमेरा कोणता घ्यावा हा पुष्कळ नंतरचा प्रश्न आहे. उपासनेला येऊ न शकणारी आपली माणसे कोणती आणि त्यांचा दिवस कसा जातो, हे आधी वहीत लिहून काढावे.

२०२० साली टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) बंद दारांआड गेला, तेव्हा आम्हीही घाईघाईने यूट्यूबवर उपासना दाखवू लागलो. टीव्हीसमोर बसून ती पाहणारी कुटुंबे होती. पण मंडळीतील विडी वळणाऱ्या बहिणींपर्यंत ती पोहोचत नव्हती. पुढे निर्बंध उठल्यावर मी त्यांच्यापैकी एकीच्या घरी गेलो. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. बोटे क्षणभरही न थांबता पान वळून दोरा बांधत होती, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यावर ठेवलेल्या फोनवर मुलीने लावून दिलेली गाणी चालू होती. दीड तास पडद्याकडे पाहण्याची सवड या बाईला कधीच मिळणार नव्हती. कान मात्र दिवसभर मोकळे होते.

तेव्हापासून आमचे पाळकसाहेब रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवतात. एक शास्त्रपाठ, त्यावर चार-पाच वाक्ये आणि प्रार्थना, सगळे मिळून सात मिनिटांच्या आत. सोलापुरात कितीतरी घरांची बोली तेलुगू किंवा कन्नड आहे, म्हणून तोच संदेश मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ तेलुगूतूनही सांगतात. यासाठी खर्च काही नाही. पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून बोलले की आवाज स्वच्छ येतो.

हा संदेश ग्रुपवर न टाकता ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवावा, असा माझा आग्रह आहे. अशा एका यादीत २५६ माणसे बसतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये पाळकांचा नंबर जतन केलेला असेल त्यांनाच संदेश मिळतो, म्हणून नंबर जतन करून देण्याचे काम प्रत्येकाच्या घरी जाऊनच करावे लागते. फायदा असा की ऐकणाऱ्याचे उत्तर एकट्या पाळकांकडे येते. ग्रुपवर ज्या बाईने कधी ‘आमेन’पलीकडे शब्द लिहिला नाही, ती इथे नवऱ्याच्या दारूबद्दल, मुलाच्या फीबद्दल सांगते. माझ्या दृष्टीने खरी सेवा त्या उत्तरापासून सुरू होते; उत्तर द्यायला माणूस नसेल, तर संदेश पाठवण्याची घाई करू नये.

याच ठिकाणी माझ्या हातून एक चूक झाली आहे. एका बहिणीच्या आजारासाठी प्रार्थनाविनंती म्हणून मी तिचे नाव आणि तपासणीच्या कागदाचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता, पण संध्याकाळपर्यंत तो फोटो फिरत फिरत तिच्या सासरच्या गावी पोहोचला. तिने घरी जे सांगितले नव्हते ते मी गावभर केले. मी जाऊन क्षमा मागितली, तिने केलीही. तरी कित्येक रविवार ती उपासनेला आली नाही, आणि तिची रिकामी जागा पाहताना मला काय वाटले ते मलाच ठाऊक. आता आम्ही विनंतीत नाव घालत नाही. रविवारच्या शाळेतील मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकत नाही. बाप्तिस्म्याचे फोटो तर मुळीच टाकत नाही, कारण नव्याने आलेल्या माणसाला आपल्या घरच्यांना स्वतःच्या तोंडून सांगण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेला दुखावणारा किंवा खात्री न केलेल्या चमत्कारांचा मजकूरही पुढे पाठवू नये.

गीतांविषयी थोडे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची पदे आपल्या मंडळीच्या आवाजात गाऊन निर्धास्तपणे यूट्यूबवर चढवता येतात. एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण मात्र त्या कंपनीचे असते; ते व्हिडिओमागे लावू नये. आमची मुले बँडसह हिंदी-इंग्रजी गीतांची नक्कल करतात याचे मला वाईट वाटते. मराठी कानाला अभंग आणि कीर्तन किती जवळचे आहे हे टिळकांनी ओळखले होते, आणि १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणूस त्या त्या काळाचे माध्यम आपल्याच भाषेत हाताळत आला आहे.

दानासाठी क्यूआर कोड दाखवायचा असेल, तर खाते मंडळीच्या विश्वस्त संस्थेच्या नावाचे असावे, कोणा व्यक्तीचे नसावे. तसेच परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाने पाठवलेले दान परदेशी देणगी ठरते आणि २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते स्वीकारता येत नाही, हे खजिनदाराला आधीच सांगून ठेवावे.

बायबलमध्ये योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हणतो की, लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण कागद-शाईने लिहिण्यापेक्षा समोरासमोर येऊन बोलण्याची आशा आहे. आमचे पाळकसाहेब शनिवारी दुपारी फोन घेऊन बसतात. व्हॉइस मेसेज ऐकला गेला की त्याशेजारची माइकची खूण निळी होते. आठवडाभर ज्यांची खूण निळी झाली नाही, त्यांची नावे ते चिठ्ठीवर उतरवतात आणि ऊन उतरले की मोटारसायकल काढून त्या घरांकडे निघतात.